वजन आपसूक उतरतं तेव्हा

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका फिजिशियननं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय ठरत होता तेव्हा इथल्या एका कार्यकर्त्यानं मला सुचवलं, "डॉक्टर, वजन कमी कसं करायचं ते सांगा की, मंडप भरेल." खरं आहे त्याचं. पण त्यावर बोलणारे आता घरोघरी आहेत, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक बसलाय. मी बोलणार आहे ते उलट्या बाजूनं. ज्याला वजन कमी करायचं नव्हतं, ज्यानं त्यासाठी काही केलंही नाही, आणि तरी काटा खाली आला, त्या माणसाबद्दल.

"माझं वजन उतरलंय" ही तक्रार घेऊन आमच्याकडे सहसा कुणी येतच नाही. माणूस गुडघ्यासाठी येतो. "अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा" म्हणत येतो. वजनाचं आम्हाला कळतं ते भलत्याच ठिकाणी. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक असतं. आज्जीच्या बांगड्या नाडी बघायला हात वर केला की घरंगळत कोपरापाशी जातात. अंगठी पडू नये म्हणून तिला आतून दोरा गुंडाळलेला असतो. म्हणजे घरात कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. अंगठीला दोरा गुंडाळणाऱ्याला दिसलंच होतं. त्यानं त्यावर उपाय म्हणून दोरा गुंडाळला, एवढंच.

आणि कारण तर आपल्याकडे तयारच असतं. उन्हाळा बाधला. सुगीत राबला. पोरीच्या लग्नाचं टेन्शन. नजर लागली. आता वयच झालं. प्रत्येक कारणापायी महिना-दोन महिने जातात, आणि माझा सगळा राग त्या महिन्यांवर आहे. आजार कुठला निघेल ते आपल्या हातात नाही, पण तो कितव्या महिन्यात सापडेल हे बऱ्याच अंशी घरातल्या माणसांच्या हातात असतं.

आता किती उतरलं म्हणजे उतरलं? आम्ही डॉक्टर एक आकडा धरतो. सहा महिने ते वर्षभरात, काही न करता, मूळ वजनाच्या 5 टक्के किंवा त्याहून जास्त गेलं तर तपासायचं. 60 किलोच्या माणसाचे 3 किलो. 40 किलोच्या आज्जीचे 2 किलोच. म्हणजे मुळात बारीक असलेल्या माणसाच्या बाबतीत "दोन किलोनं काय होतंय" म्हणायची सोय नाही. आकडा माहीत नसेल तर कपडे सांगतात, जुना फोटो सांगतो. आणि वजन बघायला दवाखानाच लागतो असं नाही. भाताच्या गिरणीतल्या काट्यावर उभं राहिलात तरी चालेल, फक्त दर वेळी तोच काटा धरा आणि कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिहून ठेवा.

पायी वारीला गेलं की दोन किलो उतरतात, ते ठीक. तापानं आठवडाभर झोपलात, उतरलं, तेही ठीक. पण कारण संपलं की वजन परत भरायला हवं. आषाढीहून आलेला माणूस गणपतीपर्यंत भरला नाही, तर ते वारीचं नव्हे.

एक फसवी गोष्ट आधीच सांगून टाकतो. पायाला किंवा पोटाला सूज असेल तर काटा खोटं बोलतो. हृदय, लिव्हर, किडनीच्या आजारात अंगात पाणी साठतं, आणि खाली मांस झडत असूनही आकडा तोच राहतो. अशा वेळी काट्यापेक्षा कानशिलाचे खळगे, गळ्याजवळची हाडं आणि मांड्या बघाव्या.

रुग्ण समोर बसला की माझा पहिला प्रश्न असतो भुकेचा. जेवण पूर्वीसारखं आहे की तुटलंय? या एका प्रश्नानं अर्धी वाट ठरते.

जेवण भरपूर आहे, उलट वाढलंय, आणि तरी माणूस वाळतोय, तर पहिल्यांदा मधुमेह बघायचा. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडायला लागते. कणगीला खालून भोक पडलंय आणि वरून तुम्ही धान्य ओतताय, तसं हे. खाल्लेलं अंगी लागत नाही, मग शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळतं. तहान लागते, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. गंमत बघा, मधुमेह असलेला माणूस बारीक झाला की घरचे म्हणतात शुगर आटोक्यात आली. बऱ्याचदा ती सुटलेली असते. आणि पन्नाशी-साठीनंतर नव्यानं मधुमेह निघाला, सोबत वजनही झपाट्यानं गेलं, तर आम्ही स्वादुपिंडाचा विचार मनात ठेवतो. क्वचितच का होईना, तिथला कॅन्सर असा साखरेच्या आडून येतो.

लहान मुलांचं मात्र वेगळं, आणि हे इथल्या आयांनी नीट ऐका. शाळेत जाणारं पोर, अंथरुण ओलं करणं केव्हाच सुटलेलं, ते पुन्हा सुरू झालं. सारखं पाणी मागतं, बारीक होतंय. बाई म्हणतात अभ्यासाची भीती असेल, आज्जी म्हणते जंत झाले. त्या पोराची साखर त्याच दिवशी तपासायची, उद्या नाही. या वयातला मधुमेह बहुतेक वेळा इन्सुलिन घ्यावंच लागणारा असतो. त्यात उलट्या, पोटदुखी आणि खोल-खोल श्वास सुरू झाला की वेळ तासांत मोजायची असते. बोटाच्या एका टोच्यानं हे कळतं, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात.

खाऊन वाळणाऱ्यांतला दुसरा गट थायरॉईड जास्त काम करणाऱ्यांचा. एखादी तरुण पोरगी बारीक होते, आणि लग्न ठरलेलं असलं तर सगळे कौतुकच करतात. तिला थंडीतही पंखा लागतो, छाती धडधडते, चिडचिड होते. मी दोन्ही हात पुढे करायला लावतो आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवतो. हात स्थिर वाटतो, कागद मात्र थरथरत असतो. टीएसएच नावाची रक्ताची तपासणी, की विषय स्पष्ट. कमी थायरॉईडसाठी गोळी घेणाऱ्यांचा डोस जास्त झाला तरी असंच होतं, तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं तीच गोळी आणू नका.

आता भूक तुटलेल्यांकडे येऊ. इथं आपल्या देशात पहिलं नाव टीबीचंच घ्यायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा कसकस ताप, रात्री उशी भिजेल एवढा घाम. पण म्हाताऱ्या माणसात खोकला नसतोही, नुसती भूक जाते आणि माणूस झडतो. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट जास्त, म्हणून एक निघाला की दुसरा तपासायचाच. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट, औषधं फुकट, साधा टीबी असेल तर सहा महिन्यांचा कोर्स. शिवाय निक्षय पोषण योजनेतून खाण्यापिण्यासाठी रुग्णाच्या खात्यावर महिन्याला पैसे येतात. 2018 ला सुरू झाली तेव्हा 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000. आशाताईला विचारलंत तर ती सगळं सांगेल. एचआयव्हीची तपासणीही अशीच मोफत आहे, आणि नाव गुप्त राहतं.

दुसरं नाव कॅन्सरचं. आपल्या भागात बोलायचं तर तंबाखूचं. हे बोललेलं निपाणीकडच्या लोकांना आवडत नाही, मला माहीत आहे. 1981 च्या आंदोलनात शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी हमरस्त्यावर बसले ते तंबाखूच्या भावासाठी. तिथं आजही किती बायकांची चूल विडीवर पेटते. मी पिकवणाऱ्याला दोष द्यायला आलो नाही. पण मशेरी लावणाऱ्या बायका "आम्ही तंबाखू खात नाही" असं मला अगदी मनापासून सांगतात, म्हणून सांगतो: तव्यावर भाजला तरी तो तंबाखूच.

तोंड घरी तपासता येतं. उन्हात आरशासमोर उभं राहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, आमटी तिखट नसूनही होणारी आग. मग आपली तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालंय. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत हे फार दिसतं.

अन्ननलिकेच्या कॅन्सरचा इतिहास तर स्वयंपाकघरातच लिहिलेला असतो. आधी भाकरी अडकते. मग ती आमटीत कुस्करून खाणं सुरू होतं. मग भाकरी बंद, फक्त भात. मग मऊ भात, मग पेज. घरातली सून हे सगळं न बोलता निभावून नेते, पेज पातळ करत जाते, आणि माणूस आमच्याकडे येतो तो पेजेवर आल्यावर. मंडळी, भाकरी अडकली त्याच आठवड्यात या. दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते.

शौचावाटे रक्त, डांबरासारखी काळी शौच, थुंकीत किंवा उलटीत रक्त, कावीळ, मानेत-काखेत-स्तनात गाठ, यांतलं काहीही वजनाबरोबर असेल तर महिना थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरला ठरवू द्या.

आता म्हाताऱ्या माणसांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं बऱ्याच घरांत तीच उरली आहेत. पोरं पुण्याला, गोव्याला. आबा गेल्यावर आज्जी एकटी. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून सकाळी चहा-बटर, दुपारी थोडा भात, रात्री पुन्हा चहा. विचारलं तर "जेवले की" म्हणते. फोनवर पोरालाही तेच सांगते. तिला दात नाहीत. कवळी केली होती, पण वजन उतरलं तसं हिरड्या आक्रसल्या, कवळी ढिली झाली, म्हणून ती डब्यात पडून आहे. म्हणून चावता येत नाही, म्हणून वजन आणखी उतरतं. सोबत पाच-सहा गोळ्या. त्यांतल्या काही तोंडाची चव घालवतात, मधुमेहाची मेटफॉर्मिन काहींची भूक मारते. अर्थात मनानं बंद करू नका, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. आणि या सगळ्याखाली बऱ्याचदा उदासी असते. पहाटे तीनला जाग येते, देवपूजेतही मन लागत नाही. याला आपण आजार म्हणत नाही, पण वजन उतरवणाऱ्या कारणांत नैराश्य बरंच वरच्या जागी आहे, आणि त्यावर औषध लागू पडतं. "वय झालं की माणूस झडायचाच" हे मला मान्य नाही. वयानं वजन कमी होतं ते फार हळू, वर्षात चार किलो वयानं जात नाहीत.

एका प्रकाराबद्दल मात्र कडक बोलतो. वजन वाढवायच्या गोळ्या आणि पुड्या. बाजारात, बिनपदवीच्या दवाखान्यांत मिळतात. काहींत भूक वाढवणारं औषध असतं, काहींत स्टेरॉईड. आठ दिवसांत गाल भरतात, घरचे खूश. ते गाल सुजेचे असतात. स्टेरॉईडनं साखर चढते, प्रतिकारशक्ती दबते, आत टीबी असेल तर तो मोकाट सुटतो. मूळ आजार झाकला जातो आणि आणखी तीन महिने जातात.

तपासण्यांना घाबरू नका. पहिली फेरी साधी असते: रक्ताची गणना, साखर, थायरॉईड, लिव्हर-किडनी, लघवी, छातीचा एक्स-रे, बऱ्याचदा पोटाची सोनोग्राफी. बेळगावच्या बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हे होतं. उठून थेट मिरजेला किंवा कोल्हापूरला जाऊन "सगळी बॉडी स्कॅन करा" म्हणण्यात पैसा जातो, उत्तर मिळतंच असं नाही. पुढचं मोठं काही लागलं तर बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. भाषेची अडचण मी ओळखून आहे. कागद कन्नडमध्ये, आज्जी मराठीत, डॉक्टर म्हैसूरकडचे. भाषेच्या प्रश्नावर मत मांडायची ही जागा नाही, पण आज्जीला एकटं पाठवू नका. "भूक नाही" आणि "गिळता येत नाही" यांत फार मोठा फरक आहे, आणि तो खुणांनी सांगता येत नाही.

(श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं: सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, वजन मात्र उतरलंय, मग काय?)

चांगला प्रश्न. असं होतं. साधारण चौघांत एकाचं कारण तपासूनही सापडत नाही. शरीर नीट तपासलंय, पहिल्या फेरीच्या तपासण्या ठीक आहेत, तर आत मोठं काही लपलं असण्याची शक्यता कमीच, म्हणून लगेच दुसऱ्या शहरात दुसरा डॉक्टर गाठायची घाई नको. पण फाईल कपाटात टाकू नका. खाणं वाढवा, अंडं, डाळ, दूध, शेंगदाण्याचा लाडू, जे चावेल ते. महिन्याला वजन लिहा. तीन महिन्यांनी तेच रिपोर्ट आणि तो कागद घेऊन त्याच डॉक्टरकडे जा, आणि मधे गिळायला त्रास, ताप, रक्त, गाठ असं काही नवं दिसलं तर तीन महिनेही थांबू नका.