'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुठं?

राम राम मंडळी. गेल्या जूनमधली गोष्ट, संध्याकाळी एकदम वारं सुटलं आणि अर्ध्या तासात आमच्या वावरातली केळी घडासकट आडवी झाली, खोडं मधूनच पिचकली होती, आणि दोन कोसावरच्या गावात मात्र काहीच नाही. सकाळचा अंदाज काय, तर 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी वारे'. पावसाच्या अंदाजात तुरळक म्हणजे त्या भागातली 25 टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणं, पण त्यात रावेर की चोपडा की माझं वावर, ते कसं कळणार?

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत याच्यावरच काम चाललंय. कॉम्प्युटर अख्ख्या पृथ्वीचे खण पाडतो आणि एकेका खणातल्या हवेचं, वाफेचं, उष्णतेचं गणित मांडतो. आधी खण 12 किलोमीटरचा होता, मे 2025 मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम ही अंदाजाची नवी पद्धत आली आणि तो 6 किलोमीटरचा झाला, म्हणजे जुन्या एका खणात आता चार बसतात. त्यासाठी अर्का नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, सेकंदाला जवळपास 12 हजार लाख कोटी आकडेमोडी करणारा! तरी वादळी ढग कधी कधी दोन-तीन किलोमीटरचाच असतो, तो यातूनही निसटतो.

आणि दुसरी अडचण त्याहून अवघड. 1961 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञानं कॉम्प्युटरला सुरुवातीचा आकडा 0.506127 ऐवजी नुसता 0.506 दिला, एवढ्याशा फरकानं पुढचं सगळं हवामान वेगळंच निघालं. आता आपल्या सातपुड्यातली हवा इतकी बारीक कोण मोजणार, म्हणून आपल्याकडे 2018 पासून सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून तेच गणित 21 वेळा चालवायला लागले. 21 पैकी 14 वेळा वादळ दिसलं तर धोका मोठा, तीनदाच दिसलं तर कमी.

मला मनापासून वाटतं, हा आकडाच आपल्या मोबाईलवर यायला पाहिजे, 'तुरळक' हा शब्द नाही. कारण केळीवाल्याला घड आठ दिवस आधी उतरवता येतात, भाव थोडा कमी मिळेल पण माल हातात तर येईल. 14 असले तर मी रात्रीच मजूर सांगून ठेवीन, तीन असले तर घड भरू देईन, आणि हा हिशोब गावातली म्हातारी माणसंसुद्धा माझ्यापेक्षा लवकर करतील.