गव्हाण भरायची आहे

(दृश्य: अंधार. डोक्याला बांधलेल्या दिव्याचा उजेड, चाफ्याच्या फांद्या.)

पहाटेचे साडेतीन. वसई, भुईगावची वाडी. सोनचाफा अशाच वेळी खुडायचा, पाकळ्या अजून मिटलेल्या असताना. उजाडेपर्यंत थांबलं तर फूल उमलतं आणि दादरच्या बाजारात पोचेस्तोवर गळायला लागतं. कळी तयार आहे की नाही, ते दिव्याच्या उजेडात रंगावरून ओळखायचं. हिरवट दिसली तर उद्यासाठी ठेवायची. पावसाळ्यात फुलं हातात मावत नाहीत. आता थंडीत शेकडा भरायला चार झाडं जास्त फिरावी लागतात.

रोज तीनला उठणाऱ्या या माणसांना आज चर्चमध्ये ऐकायचं आहे, जागे राहा!

(दृश्य: चर्चचं आवार, सायकली, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया.)

३० नोव्हेंबर २०२५. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार. कॅथलिक चर्चचं उपासना वर्ष आज सुरू होतं. वाचन बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातलं, २४वा अध्याय. नोहाच्या काळात लोक खातपीत होते, लग्नं लावत होते. जलप्रलय येईपर्यंत कोणाला काही उमगलं नाही. आता खाण्यापिण्यात, लग्नात पाप ते कुठलं? प्रभू येशू इथे त्यांना पापी म्हणतही नाहीत. त्यांचं लक्ष नव्हतं, एवढंच सांगतात. डिसेंबरभर सेलच्या पिशव्या वाहणाऱ्या आपल्याला हे जरा लागतं.

हे वाचन आज प्रत्येकाला कळतं. १९६०च्या दशकापर्यंत, उपदेश सोडला तर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बहुतेक लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या बैठकीनंतर, ती मराठीत आली. पहिल्या बाकावरच्या या आजींच्या लहानपणी मोठी माणसं मिस्सा चालू असताना जपमाळ ओढत बसत.

(दृश्य: हात. तार, सुरूच्या फांद्या, चार मेणबत्त्या.)

हे आदल्या संध्याकाळचं. आगमनकाळाचं चक्र, म्हणजे हिरव्या फांद्यांचं, चार मेणबत्त्यांचं कडं, बांधणं चालू आहे. युरोपात याला फरची पानं लागतात, वसईत किनाऱ्यावरचं सुरूचं झाड आहे. फांदी बोटभर लांबीची तोडायची, तारेवर एकाच दिशेने बसवत जायची, प्रत्येक वेळी आधीच्या फांदीचा देठ झाकला गेला पाहिजे. बघायला सोपं आहे. आमच्या कॅमेरामनने करून पाहिलं, ते सगळं उसवावं लागलं.

चक्राची कल्पना आली जर्मनीतून, तीही प्रोटेस्टंट घरातून. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखर्न हे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून पोरं भंडावून सोडत, असं सांगतात. १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारी मोठी, इतर दिवशी लहान. रोज एक ज्योत वाढायची. वाट पाहणं मुलांना डोळ्यांनी दिसू लागलं. कॅथलिकांनी ती प्रथा पुढे विसाव्या शतकात उचलली. आता उरल्या चार, दर रविवारी एक: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. पहिली आशेची.

ती पेटताना आम्हाला टिपता आली नाही. ट्रायपॉड लावेपर्यंत ती पेटलेली होती.

(दृश्य: जांभळ्या झग्यातले धर्मगुरू, वेदी, मग खाली लाकडी गव्हाण.)

नाताळापर्यंत रविवारच्या मिस्सेत गौरवगीत, म्हणजे देवाच्या स्तुतीचं आनंदाचं गीत, म्हणायचं नाही. वेदीवर फुलंही मोजकीच. सगळं थोडं राखून ठेवलेलं.

आणि ही गव्हाण, रिकामी. शेजारी टोपलीत भाताचा पेंढा. कोणासाठी काही चांगलं केलंत तर एक काडी आत टाकायची. बाळ येशूसाठी बिछाना असाच तयार होतो. मुलं मुठीने टाकू पाहतात; शिकवणाऱ्या बाई एकेक मोजून घेतात. "पाण्याची बाटली भरून ठेवली," एक. "ताईला मारलं नाही," यावर बाई थोडा विचार करतात. मग एक.

मोठ्यांच्याही काड्या पडतात. एका बाईंनी बांधावरून तुटलेल्या भावाला फोन केला होता. तो जेवायला येणार आहे.

(दृश्य: चर्च रिकामं होतंय. एकच ज्योत.)

सकाळी वाडीत भेटलेले काका सगळ्यात शेवटी आले. दादरहून परतून, अंघोळ करून. बोटांना अजून चाफ्याचा वास. टोपलीत वाकून त्यांनी लांबशी काडी निवडली आणि गव्हाणीत आडवी ठेवली. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

तळ अजून दिसतो. चोवीस दिवस आहेत.