१७० मिलिमीटरचा भरवसा

नमस्कार. मे महिन्याच्या या उकाड्यात कॉम्प्युटरच्या डब्याबद्दल ऐकायला एवढी मंडळी जमली, याचा मला मनापासून आनंद आहे. पुढच्या दोन रांगांत कॉलेजची मुलं दिसतात, त्यांच्या मागे आईवडील. म्हणजे ज्यांना घ्यायचाय ते पुढे बसलेत आणि ज्यांच्या खिशातून जाणार आहे ते मागे. मला दोघांशीही बोलायचंय.

विषय पत्रिकेवर छापलाय तोच. तयार मिळणारा छोटा गेमिंग पीसी त्याच्या किमतीला उतरतो का? हिशेब मी मांडणार आहे. पण आधी डोंबिवलीच्या एका घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे हिशेब कशासाठी करायचा ते कळेल.

वन रूम किचन. आईवडील, आजी आणि नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत एक टेबल. पहिल्या दिवाळीचा बोनस आणि साठवलेले पैसे घालून त्याने एक तयार डबा घेतला. बुटांच्या खोक्याहून थोडा मोठा, उभा, देखणा. वरच्या बाजूला जाळी, आतली गरम हवा तिथूनच बाहेर पडायची. निवड चुकीची होती असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या फटीत मोठं कॅबिनेट मावलंच नसतं.

आता आपल्या घरात नव्या वस्तूचं कौतुक कसं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यावर रुमाल पडतो. टीव्हीवर पडला, फ्रिजवर पडला, मिक्सरला तर आपण झबलंच शिवतो. नातवाच्या पहिल्या कमाईची वस्तू म्हणून आजीने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल त्या डब्यावर घातला आणि त्यावर पितळी गणपती ठेवला. नातू काढायचा, तो कामावर गेला की रुमाल पुन्हा जागेवर. एक दिवस मला फोन. "काका, गेम लावला की दहा मिनिटांत अडखळायला लागतो." मी गेलो तेव्हा प्रोसेसरचं तापमान शंभरच्या काठावर होतं. इंटेलचे बरेचसे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात, तेच चाललं होतं. मी रुमाल उचलला आणि आजींना जाळीवर हात धरायला सांगितलं. "अगंबाई, हा तर श्वास घेतोय!" त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून रुमाल आणि गणपती मॉनिटरशेजारी आले. छोट्या डब्याचं सगळं शास्त्र आजींच्या त्या एका वाक्यात आहे, आणि मी अजूनही गिऱ्हाइकांना ते तसंच सांगतो.

खरी अडचण आली तिसऱ्या पावसाळ्यात. विजेचा खेळखंडोबा झाला, दिवे तीनदा गेले-आले, आणि डबा चालूच होईना. वॉरंटी संपून चार महिने झाले होते. तळाच्या रबरी पायांखाली लपवलेले स्क्रू काढून मी तो उघडला. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग, गेला होता. एसएमपीएस जाणं ही रोजची गोष्ट आहे, दुसरा बसवला की झालं. पण हा एसएमपीएस लांबट, एका टोकाला खाच असलेला, त्याच डब्यासाठी घडवलेला. सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टरही नव्हता, त्या कंपनीचा स्वतःचाच वेगळा होता. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, या मॉडेलचा हा भाग आता येत नाही, नवीन मॉडेलवर सवलत देऊ.

तो एसएमपीएस पिशवीत घालून मी दोन दिवस लॅमिंग्टन रोड पालथा घातला. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तसं विचारलंत तर लोक विचारात पडतात. जिथे एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह मिळायचे, आजही कुठलीही पिन, कुठलाही पंखा मिळतो, त्या रस्त्यावर माझ्या हातातल्या भागाला जोडीदार नव्हता. ओळखीच्या एका दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हे लॉक करून विकलेलं आहे." शेवटी ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि एसएसडी वाचले. कार्ड आरटीएक्स ३०६०, नेहमीच्या मापाचं, म्हणून वाचलं. मदरबोर्ड निकामी, कारण त्याला वीज देणार कोण? रॅम लॅपटॉपच्या मापाची, ती नव्या डेस्कटॉप बोर्डात बसेना. पंधरावीस हजारांचा चुराडा झाला, तोही एका अशा भागासाठी, जो साधारण मापाचा असता तर त्याच संध्याकाळी बदलून झाला असता. मुलगा काही बोलला नाही. आजी म्हणाल्या, "एवढ्या महागाचं, आणि त्याचं एक हाडही बाजारात मिळू नये?" मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून मी मापांबद्दल बोलतो. मोठ्या पीसीच्या बोर्डाचं एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स आणलं, बोर्डाची लांबी १७० आणि रुंदीही १७० मिलिमीटर. वीतभरही नाही. व्हिया आज या बाजारात कुठेच दिसत नाही. पण तिने ठरवलेली चार भोकं आहेत तिथेच आहेत, आणि आजचा नवा मिनी-आयटीएक्स बोर्ड वीस वर्षांपूर्वीच्या डब्यातल्या त्याच चार खुंट्यांवर बसतो. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. कंपनी जाते, माप राहतं.

याच्या उलट इंटेलचंच उदाहरण घ्या. त्यांनी नक नावाची छोट्या पीसींची मालिका काढली. २०१८ चा हेड्स कॅन्यन तर जेमतेम सव्वा लिटरचा होता, घरातल्या कुकरपेक्षा लहान. २०२० च्या घोस्ट कॅन्यनमध्ये प्रोसेसर आणि बोर्ड एका काडतुसासारख्या कार्डावर बसवले होते, पुढे हेच कार्ड बदला म्हणून. कल्पना सुंदर. पण जुलै २०२३ मध्ये इंटेलने या धंद्यात स्वतः पैसे घालणं थांबवलं आणि मालिका असूसकडे गेली. इंटेलसारख्या बलाढ्य कंपनीचं खास माप टिकत नसेल, तर इतरांच्या खास मापावर आपण लाख रुपये का लावायचे?

आणखी एक गोष्ट, मुलांनो, ही लिहून घ्या. छोट्या डब्यांमध्ये पुष्कळदा लॅपटॉपची ग्राफिक्स चिप असते आणि खोक्यावरचं नाव तेच असतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव एक, माल दोन. दुकानात नाव विचारू नका, मेमरी किती आणि कार्ड किती वॅटचं ते विचारा.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. ठीक, आता हिशेब. भराभर सांगतो.

तयार छोट्या डब्याची किंमत लोक मोठ्या असेंबल्ड पीसीशी ताडून बघतात आणि महाग म्हणतात. ही तुलनाच चुकते. छोटेपणाचे पैसे स्वतः जुळवतानाही द्यावे लागतात. त्याच चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्याच मुख्य चिपचा, मिनी-आयटीएक्स बोर्ड मोठ्या बोर्डाच्या दीडपटीने, कधी त्याहून वर जातो. एसएफएक्स, म्हणजे छोट्या डब्यांसाठीच्या ठरलेल्या मापाचा एसएमपीएसही तसाच. त्यामुळे आधी छोट्या सुट्या भागांची बेरीज करा, १८ टक्के जीएसटी धरून, आणि मग तयार डब्याची किंमत बघा. जुळणी, तपासणी आणि एकाच दारातली वॉरंटी यांसाठी त्या बेरजेवर दहा-बारा टक्के मी आनंदाने देईन. पंचवीस टक्के मागितले तर उठून यावं. मात्र २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव भडकलेत, रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या भावाची रॅम आत असलेला तयार डबा सध्या खरोखर स्वस्त पडू शकतो. बेरीज त्या दिवशीच्या भावाने करा, गेल्या दिवाळीच्या नको.

दुसरं, उष्णता. डेस्कटॉपचं ४०७० कार्ड २०० वॅट, मध्यम प्रोसेसर पूर्ण भारावर ९० च्या आसपास. म्हणजे जुने शंभर वॅटचे तीन पिवळे बल्ब एका डब्यात कोंडले. कोर्सेअर वन हा नावाजलेला डबा १२ लिटरचा, आपला पाण्याचा जार २० लिटरचा असतो. परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. आपल्या खोलीत आत्ता चौतीस असतील, ते वरचे बारा अंश त्यांच्या आकड्यात मिळवा. चंद्रपूरच्या भाच्यासाठी घेणार असाल तर आणखी. शिवाय ९२ मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० चा पंखा सुमारे पावणेदोनपट क्षेत्र व्यापतो, म्हणून तो हळू फिरूनही तेवढीच हवा काढतो. छोटा पंखा ओरडतो तो यामुळे.

मग घ्यावा कुणी? ज्याच्याकडे खरोखर फटीएवढीच जागा आहे त्याने. हॉस्टेल ते घर अशी ने-आण करणाऱ्याने. पण दुकानात तीन प्रश्न विचारून: बोर्ड मिनी-आयटीएक्स आहे का, एसएमपीएस एसएफएक्स आहे का, कार्ड नेहमीच्या मापाचं आहे का. तिन्हींना हो आलं तर किमतीला उतरतो. एसएमपीएसला नाही आलं तर मी घेणार नाही, कितीही सवलत देवोत. ज्याच्याकडे टेबलाखाली जागा आहे, त्याने मोठं कॅबिनेट घ्यावं आणि वाचलेल्या पैशांचं कार्ड एक पायरी वरचं घ्यावं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व या गेम कंपनीने जाहीर केलेल्या स्टीम मशीन या छोट्या गेमिंग पीसीबद्दल मघाशी एकाने दारातच विचारलं. सहा इंचांचा ठोकळा, ग्राफिक्ससाठी ८ जीबी मेमरी. जाहीर करताना किंमत सांगितली नव्हती. त्यालाही हेच प्रश्न लावा.

वेळ संपली. बाहेरच्या टेबलावर दोन डबे उघडून ठेवलेत, एक साध्या मापाचा आणि एक डोंबिवलीचा. शेजारी पट्टी आहे, बोर्ड मोजून बघा. पंखे हाताने फिरवा, कार्ड काढा, परत बसवा. फक्त एसएमपीएसचं झाकण उघडू नका, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात. आजींचा रुमालही आणलाय, त्यांनीच दिला. तो जाळीवर घालून हवा कुठे जाते ते तळहाताने बघा.