पॉइंटवरचा पोलीस, बीटवरचा पोलीस

(दृश्य: क्रांती चौक, संध्याकाळी सात. ड्रोन हळूहळू खाली येतो.)

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक. संध्याकाळचे सात. पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेले ते वाहतूक शाखेचे. पूर्ण खाकीत, काठी घेऊन पुतळ्याच्या बाजूला उभे आहेत ते स्थानिक ठाण्याचे अंमलदार. उड्डाणपुलाच्या कडेला लाल-निळ्या दिव्याची जी बोलेरो दिसते, ती ११२ या आपत्कालीन नंबरची.

(दृश्य: सातारा-देवळाई, तीच वेळ. अरुंद रस्ता, क्लास सुटलेल्या मुली, बंद पथदिवे.)

ही त्याच आयुक्तालयाची हद्द. चौक नाही, सिग्नल नाही, म्हणून वाहतूक शाखा नाही. पुतळा नाही, म्हणून फिक्स पॉइंट, म्हणजे पोलीस कायम उभा असायची ठरलेली जागा, नाही. शहरात ‘पोलीस दिसतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा रस्त्यासाठी आणि बंदोबस्तासाठी उभे केलेले पोलीस आपल्या नजरेत असतात. वस्तीसाठी नेमलेला पोलीस वेगळा. ठाण्याच्या हद्दीचे छोटे भाग पाडतात, त्यांना बीट म्हणतात, आणि या पोलिसाला बीट अंमलदार. ही फिल्म त्याच्याबद्दल आहे.

(दृश्य: ठाण्यातील ड्युटीचा फळा, खडूने लिहिलेली नावं. क्लोजअप.)

आधी हिशेब. एका जागी चोवीस तास एक माणूस उभा करायचा, तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात. आठवड्याच्या चौदा पाळ्या झाल्या. साप्ताहिक सुट्टी धरली तर एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे दोन माणसांत पॉइंट चालत नाही, तिसरा लागतोच. ड्युटी आठ तासांची केली, तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या आणि साडेतीन माणसं. रात्री एकटा माणूस उभा करत नाहीत, जोडी लागते. मग सात. रजा, आजारपण, कोर्टाची साक्ष, प्रशिक्षण धरलं की आठ-नऊ. चौकात जोडी दिसते दोघांची, तिच्यामागे ठाण्याचे आठ-नऊ जण अडकलेले असतात. कुठल्याही पुढाऱ्याने ‘इथे कायमचा पॉइंट द्या’ अशी मागणी केली, की ठाणेदाराच्या डोळ्यांसमोर हा फळा येतो. माणसं काढायची कुठून? बीटवरून.

(दृश्य: नांदेड, वजिराबाद. गुरुद्वाऱ्याकडे जाणारा रस्ता, यात्रेकरू, बॅरिकेड.)

नांदेड. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात बाराही महिने पोलीस दिसतात. आडबाजूच्या नगरांत चित्र पालटतं. नांदेडला आयुक्तालय नाही. शहर आणि जिल्ह्याचे सोळा तालुके, सगळं एकाच पोलीस अधीक्षकांकडे. माहूरला नवरात्र सुरू झालं की माणसं गडावर जातात. माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली की लोह्याच्या बाजूला जातात. तेवढे दिवस शहर उरलेल्या मनुष्यबळावर चालतं. संभाजीनगरचं गणित निराळं आहे. पैठणची नाथषष्ठी किंवा वेरूळची महाशिवरात्र ग्रामीण अधीक्षकांकडे असते, शहर आयुक्तांकडे नाही. शहराचं मनुष्यबळ निदान कागदावर तरी शहरासाठी राहतं.

अधिकारही वेगळे आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी आणि जमावबंदीचा आदेश आयुक्तालयात पोलीस आयुक्त स्वतः काढतात. नांदेड, लातूर, परभणी, बीडमध्ये तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून निघतो. जिथे आदेश आणि बंदोबस्त एकाच टेबलावरून निघतात, तिथे फौज रस्त्यावर लवकर येते, एवढाच त्याचा अर्थ.

(दृश्य: लातूर, ट्यूशन एरिया, रात्रीचे साडेआठ. सायकली आणि स्कूटींचा लोंढा.)

लातूरला उपस्थिती घड्याळावर चालते. क्लास सुटायच्या वेळी इथे गाडी दिसते, दामिनी पथकाच्या महिला अंमलदार दिसतात. गर्दी ओसरली की पथकही निघतं. विद्यार्थी राहतात ती वसतिगृहं आणि खोल्या आतल्या गल्ल्यांत आहेत.

(दृश्य: संभाजीनगर, राजाबाजार, अनंत चतुर्दशीची सकाळ. संस्थान गणपतीची आरती.)

आता वर्षातला सगळ्यात मोठा बंदोबस्त. मिरवणूक संस्थान गणपतीपासून निघते. शहागंज, सराफा, सिटी चौक, गुलमंडी, बाराभाई ताजिया आणि मग औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानातली विहीर. मार्ग ठरलेला, त्यामुळे बंदोबस्ताची स्कीम बरीच आधी तयार होते.

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा, लाल-हिरवी शाई.)

मार्गाचे आधी सेक्टर पाडतात. प्रत्येक सेक्टरला एक निरीक्षक. सेक्टरमध्ये फिक्स पॉइंट: गल्लीचं तोंड, प्रार्थनास्थळ, ट्रान्सफॉर्मर, लोंबकळणारी वायर, बांधकामाचा खडीचा ढीग. खडीचा ढीग आठवडाभर आधी उचलायला लावतात, तो कशासाठी वापरला जाऊ शकतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग उंच गच्चीवरचे पॉइंट, प्रत्येकी दोन माणसं, दुर्बीण आणि हँडसेट. मिरवणुकीबरोबर चालणारा बंदोबस्त वेगळा. व्हिडिओ शूटिंग वेगळं. आणि सगळ्यांच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा आडोशाला, राखीव तुकडी: दंगा काबू पथक, हेल्मेट आणि ढालींसह. ही तुकडी पहिल्यापासून चौकात उभी केली तर दोन गोष्टी होतात. लोक बिचकतात, आणि तुकडी गर्दीत अडकून पडते. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी निघता येईल अशी जागा देतात. गाडीचं तोंड रस्त्याकडे, चालक गाडीतच.

(दृश्य: पहाटे मैदानावर फॉल-इन. राज्य राखीव दलाचे ट्रक, होमगार्डच्या रांगा.)

या रांगेत सगळे शहराचे नाहीत. राज्य राखीव पोलीस दलाच्या कंपन्या आहेत. जालन्याला या दलाचा गट क्रमांक ३ आहे, हिंगोलीला १२. होमगार्ड आहेत. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले अधिकारी आहेत. प्रत्येकाच्या हातात ड्युटीची चिठ्ठी: पॉइंटचं नाव, सेक्टर अधिकाऱ्याचा मोबाइल, वायरलेसचा चॅनेल.

बिघडतं ते इथूनच. बाहेरून आलेल्या माणसाला ‘बाराभाई ताजिया’ कुठे, हे ठाऊक नसतं. चिठ्ठीवर पॉइंटचं नाव असतं, खूण नसते. दुसरं म्हणजे हँडसेटची बॅटरी. सकाळी चढवलेली बॅटरी रात्री मिरवणूक गुलमंडीत ऐन रंगात असताना उतरते. सेक्टरमागे चार्ज केलेल्या जोड बॅटऱ्या ठेवाव्या लागतात आणि त्या बदलत फिरणारा एक माणूस. तिसरं, चॅनेल तुंबणं. सगळे एकाच चॅनेलवर बोलू लागले की कंट्रोलला कुणाचंच ऐकू येत नाही. चौथी गोष्ट महिला अंमलदारांची. चौदा-पंधरा तास उभं राहायचं आणि सेक्टरमध्ये स्वच्छतागृह नाही. मग त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही बाब स्कीमच्या पहिल्या पानावर यायला हवी. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं मार्गावरच आहेत, त्यांच्या किल्ल्या आधी घेऊन ठेवता येतात.

आणि हाच महिना मराठवाड्यात दुहेरी जड असतो. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभाजवळ मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजवंदन. गणपती आणि व्हीआयपी दौरा यांची ड्युटी एकाच फळ्यावर.

(दृश्य: विहिरीवर विसर्जन, रात्र. निवेदन नाही. बारा सेकंद.)

(दृश्य: नगर नाका, रात्री अकरा. बॅरिकेड, टॉर्चचे झोत.)

नाकाबंदी. नगर नाका, हर्सूल टी पॉइंट, केंब्रिज चौक: शहराची तोंडं. बॅरिकेड एका सरळ रेषेत लावायचे नसतात. पहिला डावीकडून, पुढचा काही अंतरावर उजवीकडून, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागतं आणि वेग आपोआप पडतो. वळण संपताच लगेच नाका लावला तर मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळते. नाका लांबून दिसला पाहिजे. बॅरिकेडवर चमकणारी पट्टी शाबूत हवी. हे बघा, या बॅरिकेडवर जाहिरातदाराचं नाव ठळक आहे आणि पट्टी निघाली आहे. एक जण गाडी थांबवतो, एक जण तपासतो, तिसरा पुढे थांबून पळणाऱ्यावर लक्ष ठेवतो. दुचाकी कडेच्या मातीवरून निसटतात, म्हणून कडेला आडवा अडथळा हवाच. दारू तपासायच्या यंत्रावर मर्यादा ठरलेली आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५.

(दृश्य: रात्रगस्त. दुचाकीवर दोघे. एटीएमच्या भिंतीवरचा क्यूआर कोड, मोबाइलचा उजेड.)

आता रात्रगस्त. रात्री दहा ते पहाटे पाच. सोबत काठी, टॉर्च, शिट्टी, हँडसेट, मोबाइल. एटीएम, सराफा दुकानं, पंप, देवळाची दानपेटी, अशा जागी भिंतीवर कोड चिकटवलेला असतो. तो स्कॅन केला की वेळेची नोंद होते. पूर्वी याच जागी वही ठेवत आणि त्यात सही करत. वहीत चार वेळच्या सह्या एकदाच करता येत होत्या, कोडने ते बंद झालं. पण आपल्याकडच्या उन्हात कागदी कोडची शाई उडते. पावसात कडा सुटतात. कुणीतरी कोडचा फोटो काढून खोलीत बसून स्कॅन करतो, म्हणून जागेचं लोकेशन जुळल्याशिवाय नोंद होऊ नये, अशी सोय ॲपमध्ये लागते.

खरा घोळ मात्र संख्येचा आहे. सात तास म्हणजे ४२० मिनिटं. तीस जागा दोनदा स्कॅन करायला सांगितल्या तर साठ थांबे. प्रत्येक थांब्याला, प्रवास धरून, सात मिनिटं. दुचाकी थांबते, कोड वाजतो, दुचाकी जाते. गल्लीला पोलीस आल्याचं कळतही नाही.

यावर जगभर प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये पंधरा बीट घेतले. पाचांत गाड्यांची गस्त दुप्पट-तिप्पट केली, पाचांत जवळजवळ बंद केली, पाचांत होती तशी ठेवली. गुन्ह्यांत ठळक फरक पडला नाही आणि गस्त बदलल्याचं लोकांच्या लक्षातही आलं नाही. नेवार्कमध्ये पायी गस्त दिली, तेव्हा लोकांना ती दिसली आणि भीती कमी झाली, गुन्हे मात्र फारसे हलले नाहीत. २००९ मध्ये फिलाडेल्फियाने नेमक्या साठ हिंसक ठिकाणी पायी जोड्या दिल्या. तशाच इतर ठिकाणांच्या तुलनेत हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. आणि मिनियापोलिसच्या नोंदींवरून दिसलं, की अशा ठिकाणी दहा ते पंधरा मिनिटं थांबलं की पोलीस गेल्यावरही काही काळ परिणाम टिकतो. त्यापुढे थांबून फायदा वाढत नाही.

हेच गणित आपल्या गस्तीला लावा. पंधरा मिनिटं थांबा, पाच मिनिटं प्रवास. ४२० मिनिटांत एकवीस थांबे. म्हणजे सात जागा, तीन-तीन वेळा. तीस जागांऐवजी सात. त्या सात कोणत्या, हे बीट अंमलदारच सांगू शकतो, तेही तो बीटवर असला तर.

(दृश्य: ११२ च्या गाडीतील स्क्रीन.)

११२ ची सेवा २०२१ मध्ये राज्यभर आली. फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून जिल्ह्याच्या कंट्रोलकडे आणि या स्क्रीनवर येतो. पण गुंठेवारी वस्तीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून वसलेल्या वस्तीतला माणूस पत्ता सांगतो गट नंबरचा. स्क्रीनवर तो सापडत नाही. फोन करताना जवळचं मंदिर, मशीद, पाण्याची टाकी किंवा शाळा सांगा आणि रस्त्याच्या तोंडाशी एक माणूस उभा करा. बीटचा माणूस सोबत असता तर हे विचारावंच लागलं नसतं.

(दृश्य: फुटलेलं कुलूप, पंचनामा. नंतर बंद बीट चौकी.)

बीट अंमलदार महिनाभर बंदोबस्तात राहिला, की वस्तीत नवीन कोण आलं ते त्याला कळत नाही आणि लोक किरकोळ तक्रारी द्यायचं सोडून देतात.

(दृश्य: मुकुंदवाडी, सकाळ. पायी चालणारी बीट जोडी, भाजीवाल्याशी बोलताना.)

करायचं ते ठाण्याच्या पातळीवर होण्यासारखं आहे. प्रत्येक बीटला दोन माणसं नेमा आणि त्यांची नावं बंदोबस्ताच्या यादीतून वगळा. अपवाद फक्त विसर्जन आणि मतदानाचा दिवस. त्यांची ड्युटी आठ तासांची, त्यातले संध्याकाळी सहा ते दहा पायी, बीटमध्येच. बीटच्या हद्दीत तीन-चार ठिकाणी फलक लावा: अंमलदाराचं नाव, चौकीची वेळ, मोबाइल नंबर. नंबर अंमलदाराचा खासगी नको, शासकीय सिमकार्डचा हवा. म्हणजे त्याची बदली झाली तरी फलक बदलावा लागत नाही, सिम पुढच्या माणसाच्या हातात जातं आणि लोकांनी जपून ठेवलेला नंबर चालू राहतो.