सोनेरी वेदी आणि कोरा कागद

नमस्कार, श्रोतेहो. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १६०५ साली उभं राहिलं. बाहेरून नुसता तांबडा जांभा, आणि आत पाऊल टाकलं की समोर छतापर्यंत चढत गेलेली सोनेरी वेदी. जलरंगात काम करणाऱ्याची इथे खरी परीक्षा असते.

कारण जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागदच. तो एकदा झाकला की मग पुसून, घासून पूर्वीसारखा परत येत नाही. म्हणून मागच्या बाकावर बसून आधी एवढंच ठरवायचं: कागद कुठे कोरा ठेवायचा? उजेडाचे ठिपके सोडून यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाचा, पातळ वॉश (पाणी घालून पसरलेला थर) द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. कोरीव कामाच्या खाचांत बर्न्ट सिएना, हा तांबूस तपकिरी रंग. अगदी खोल काळोखाला त्यातच अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळायचा. काळ्या रंगाची ट्यूब घरी राहिली तरी चालेल. बाजारात सोनेरी रंगाची बाटलीही मिळते. मला विचाराल तर ती घेऊच नका. कागद चमकतो, पण चित्रात उजेड येत नाही.

वेदीचे पिळाचे खांब नीट बघा. उजेड त्यांच्यावरून सरळ उतरत नाही, प्रत्येक पिळावर तुटतो. एकच पीळ मन लावून रंगवा, बाकीचे दोन-दोन फटकाऱ्यांत सुचवा. मधल्या संत इग्नेशियसच्या भव्य मूर्तीच्या पायाशी बाळ येशू आहे. तो इतका लहान, की चित्रात त्याच्या वाट्याला एक ठिपकाच येतो. तो मात्र चुकवू नका.

अंधारातला उजेड जलरंगात किती दूर नेता येतो, हे पाहायचं तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र बघा. त्यातल्या बाईच्या हातातल्या दिव्याचा तो प्रकाश सगळा जलरंगातलाच.

आता परत आपल्या चर्चमध्ये. वेदीच्या उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी आहे. चांदी म्हणून नुसता करडा रंग लावाल तर पत्रा दिसेल. आजूबाजूची पिवळी झाक त्यात थोडी उतरू द्या.

आता कधी जायचं? पावसाळ्यात वॉश वाळता वाळत नाही, घाईने दुसरा हात दिला की सगळं गढूळ. ३ डिसेंबरच्या झेवियर यांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, आणि आधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत उभं राहायला जागा नसते, मग पॅड कुठे मांडणार? जानेवारीत जा, मिसाची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, वेळ टाळून. आणि तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय रंगांची पेटी उघडू नका.