रोनन पॉइंटचे सांधे

16 मे 1968, पहाटे पावणेसहाचा सुमार. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागात रोनन पॉइंट ही 22 मजली इमारत राहायला खुली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवायला काडी ओढली आणि गळून साठलेला गॅस भडकला. कोपऱ्यातल्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या, आधार गेलेले वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचे मजलेही एकापाठोपाठ एक कोसळले. चौघांचा मृत्यू झाला, 17 जण जखमी झाले. खालच्या मजल्यांवर पडल्या त्या मुख्यतः बसायच्या खोल्या होत्या आणि त्या वेळी बहुतेक माणसे आतल्या खोल्यांत झोपलेली होती. नाहीतर मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने गॅसगळतीचे मूळ शोधून काढले: शेगडीच्या जोडणीतला पितळी नट सदोष होता. तपास तिथेच थांबला असता, तर दोष एका नटावर ढकलून सगळे मोकळे झाले असते. मात्र काडी ओढणाऱ्या बाई वाचल्या होत्या आणि त्यांच्या कानांचे पडदे शाबूत होते. यावरून तज्ज्ञांनी ताडले, की स्फोटाचा दाब सुमारे 70 किलोपास्कलच्या आतच असणार. एवढ्याशा स्फोटाने इमारतीचा अख्खा कोपरा कसा पडला, हा खरा प्रश्न होता.

उत्तर बांधणीत होते. या इमारतीला खांब-तुळयांचा सांगाडाच नव्हता. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती एकीवर एक उभ्या करून त्यांच्यामध्ये मजल्यांच्या लाद्या (स्लॅब) बसवल्या होत्या, आणि हा सारा डोलारा मुख्यतः स्वतःच्या वजनावर व सांध्यांतल्या मसाल्यावर तोलून धरलेला होता. मुळात ही डॅनिश पद्धत सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींसाठी होती. एक भिंत निसटली तर तिच्यावरचा भार दुसरीकडे वळवायला वाटच नव्हती. आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की तेव्हाच्या नियमांमध्ये या धोक्याचा विचारच नव्हता.

म्हणून 1970 मध्ये ब्रिटनचे नियम बदलले. पाच किंवा त्याहून अधिक मजल्यांच्या इमारतीत एखादा आधार नाहीसा झाला तरी पडझड मर्यादित राहिली पाहिजे, आणि हे शक्य नसेल तर त्या आधाराने 34 किलोपास्कल दाब सोसला पाहिजे, अशी अट आली. या नियमामागचा विचार पुढे अनेक देशांच्या बांधकाम-नियमांच्या संहितांमध्ये पोहोचला, हे या चौकशीचे मोठे यश मानावे लागेल.

तरीही सगळेच उघड झाले नव्हते. पडलेला कोपरा पुन्हा बांधून, सांधे बळकट करून लोकांना तिथे परत राहायला पाठवले गेले. वास्तुरचनाकार सॅम वेब मात्र वर्षानुवर्षे सांगत राहिले, की बांधकामाचा दर्जाच संशयास्पद आहे. अखेर 1986 मध्ये इमारत सुरुंग लावून न पाडता मजला-मजला सुटी करण्यात आली, आणि प्रत्येक सांधा उघडून पाहता आला. भिंतींचे वजन जिथून खाली उतरायचे, त्या फटी मसाल्याने गच्च भरलेल्या असायला हव्या होत्या. कित्येक ठिकाणी त्या अर्धवट भरलेल्या किंवा पोकळ निघाल्या, आणि काही सांध्यांत चक्क वर्तमानपत्रे कोंबलेली सापडली. 1968 च्या चौकशीला हे दिसणे शक्य नव्हते, कारण उभ्या इमारतीचे सांधे बाहेरून कळत नाहीत. त्याच वसाहतीतले याच पद्धतीने बांधलेले इतर आठ मनोरेही पुढे पाडण्यात आले.