लायसन्स हललं तरच फाइल येते

हे पान अमेरिकेच्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं, साल १९३४. पिवळी केलेली ओळ आहे ना, ती कलम ३१० मधली. रेडिओ लायसन्स, म्हणजे मोबाइल किंवा टीव्हीसाठी रेडिओ लहरी वापरायचा परवाना, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचं असेल तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची, म्हणजे एफसीसीची परवानगी पाहिजे, आणि त्यात लोकांचं हित आहे असं एफसीसीला पटलं तरच ती मिळणार. टेलिकॉम मर्जर, म्हणजे कंपन्यांचं एकत्र येणं, तपासायचा एफसीसीचा अधिकार येतो तो इथून, आणि फोनच्या लाइनींसाठी कलम २१४ मधून. कंपनी विकली गेली की लायसन्सचा ताबा पण बदलतो, म्हणून फाइल इथे येते.

आता वॉशिंग्टनमधल्या या दोन इमारती बघा. ही एफसीसीची, ही जस्टिस डिपार्टमेंटची. एकच डील दोन्हीकडे तपासतात, मग हे डबल काम कशाला अशी ओरड जुनीच आहे. पण डबल नाहीये ते. जस्टिस डिपार्टमेंट १९१४ च्या क्लेटन ॲक्टवर, म्हणजे स्पर्धा मारणाऱ्या डील रोखायच्या कायद्यावर चालतं, डील थांबवायची तर कोर्टात त्यांनी जायचं आणि स्पर्धा कमी होणार हे सिद्ध पण त्यांनीच करायचं. एफसीसीत बरोब्बर उलटं, इथे कंपनीने दाखवून द्यायचं की यात लोकांचं भलं आहे. नाही पटलं तर फाइल सुनावणीला, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह जजसमोर, साक्षीपुरावे, उलटतपासणी, सगळं आलं, महिनोन्‌महिने जातात त्यात, आणि इकडे डीलची मुदत संपत आलेली असते. त्यामुळे नुसतं सुनावणीचं नाव काढलं तरी भलेभले गार पडतात.

हे २०११ चं फुटेज. एटी अँड टी ही बडी फोन कंपनी ३९ अब्ज डॉलरला टी-मोबाइल यूएसए ही मोबाइल कंपनी घेणार, अशी घोषणा मार्चमध्ये झाली. ३१ ऑगस्टला जस्टिस डिपार्टमेंट कोर्टात गेलं. नोव्हेंबरमध्ये एफसीसीचे चेअरमन ज्युलियस जेनाकाउस्की यांनी सुनावणीचा प्रस्ताव पुढे केला आणि कंपन्यांनी अर्जच मागे घेतला! एफसीसीने तो घेऊ दिला, पण आपल्या स्टाफचा रिपोर्ट मात्र जाहीर करून टाकला, हीच ती काळ्या पट्ट्यांची पानं, गोपनीय भाग झाकलेली. कंपनी म्हणत होती नोकऱ्या वाढतील, रिपोर्टने ते मानलं नाही. १९ डिसेंबरला डील संपली.

आणि हे अटलांटा, डब्ल्यूपीसीएच नावाचं टीव्ही स्टेशन. २०१६ मध्ये त्याच एटी अँड टीने टाइम वॉर्नर ही टीव्ही-सिनेमाची कंपनी घ्यायचं ठरवलं, किंमत ८५ अब्ज डॉलरच्या वर. हे स्टेशन टाइम वॉर्नरचं होतं. ते त्यांनी २०१७ मध्ये विकायला काढलं, बाकीची लायसन्सं एटी अँड टीकडे जाणार नाहीत अशी मांडणी केली, झालं, फाइल एफसीसीच्या टेबलावर आलीच नाही. हुशारी म्हणायची तर म्हणा, पण एवढ्या मोठ्या डीलमध्ये लोकांचं भलं कसं होणार हे कंपनीला कोणी विचारलंच नाही. जस्टिस डिपार्टमेंट एकटंच लढलं आणि जून २०१८ मध्ये हरलं.

हा एफसीसीचा मीटिंगचा हॉल. कमिशनर पाच, राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन. २०१९ मध्ये टी-मोबाइल आणि स्प्रिंट या दोन मोबाइल कंपन्या एक व्हायची फाइल ३ विरुद्ध २ अशी पास झाली, अट अशी की ५जी तीन वर्षांत ९७ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचवायचं. चौथी कंपनी म्हणून डिश या सॅटेलाइट टीव्ही कंपनीला उभं करायची अट जस्टिस डिपार्टमेंटची. काही राज्यं विरोधात कोर्टात गेली, फेब्रुवारी २०२० मध्ये हरली. चार मोठ्या कंपन्यांच्या तीन झाल्या, आणि २०२५ मध्ये डिशच्या मालक कंपनीने बराच स्पेक्ट्रम विकायला काढला.

शेवटची क्लिप मे २०२५ ची. व्हेरायझन ही फोन कंपनी २० अब्ज डॉलरला फ्रंटियर ही इंटरनेट कंपनी घेणार होती. मंजुरीच्या तोंडावर कंपनीने एफसीसीचे चेअरमन ब्रेंडन कार यांना पत्र दिलं, की विविधता आणि समावेशाचे आमचे कार्यक्रम आम्ही बंद करतोय. फोनच्या बिलाशी किंवा नेटवर्कशी याचा संबंध काय, विचारू नका, लोकहिताच्या हिशोबात ते पण धरलं गेलं. मंजुरी ब्यूरोच्या, म्हणजे एफसीसीच्या खालच्या विभागाच्या पातळीवरच मिळाली, कमिशनरांचं मतदान झालंच नाही.